लॅपटॉपवर नीट चालतं ते टीव्हीवर टाकताना का अडकतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात डिचोलीकडचं जुनं चिऱ्यांचं (जांभ्या दगडाचं) घर, पुढच्या खोलीत राऊटर, मधे राजांगण (घराच्या पोटातलं उघडं अंगण) आणि पलीकडच्या खोलीत ४३ इंची टीव्ही. मराठी बातम्या, नाटकं, फुटबॉलचे सामने लॅपटॉपवर सुरळीत चालतात. तेच वायफायवरून टीव्हीवर टाकलं की दर दोन मिनिटांनी चित्र थिजतं, आवाज ओठांच्या मागे पडतो आणि कधी कधी टीव्ही यादीत सापडतच नाही. प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. लाइन बघायला आलेला माणूस ‘सगळं ओके’ म्हणून गेला. गणेश चवथीला घर भरणार, त्याआधी २०० चा प्लॅन घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

घेऊ नका. १०८० पी (फुल एचडी) चित्राला साधारण ५ एमबीपीएस लागतात, फोर-केला १५ ते २०. १०० मध्ये हे आरामात बसतं, आणि लॅपटॉपवर नीट दिसतं म्हणजे बाहेरून घरात येणारं इंटरनेट पुरेसं आहे हे सिद्धच झालं. बिघाड राऊटरपासून टीव्हीपर्यंतच्या वाटेत आहे, आणि त्या वाटेवर तुमच्या प्लॅनचा काही अधिकार चालत नाही.

ती वाट नीट बघा. क्रोममधून टॅब कास्ट केला, म्हणजे ब्राउझरमधलं पान वायफायवरून टीव्हीवर टाकलं, की चित्र आधी राऊटरकडून हवेतून लॅपटॉपवर येतं. लॅपटॉप ते उलगडून पडद्यावर दाखवतो, मग त्याच पडद्याचं नव्यानं व्हिडिओत रूपांतर करून परत राऊटरकडे पाठवतो, आणि राऊटर ते टीव्हीकडे. एकच चित्र हवेतून तीनदा गेलं. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, म्हणून या तीन फेऱ्या एकाच वेळात वाटून घ्याव्या लागतात. त्यात टीव्ही भिंतीआड असला की त्याचा वेग उतरतो, तोच मजकूर पोचवायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बाकीचे सगळे थांबून राहतात. विंडोज कळ आणि के दाबून जो टीव्ही जोडतात, त्यात लॅपटॉप टीव्हीशी थेट बोलतो, म्हणजे एक फेरी वाचते. पण लॅपटॉपमधला वायफाय रेडिओ तोच असतो. त्यानं राऊटरशीही बोलायचं आणि टीव्हीशीही, आणि दोन्हींचे चॅनेल वेगळे असले तर सतत इकडून तिकडे उड्या मारायच्या.

दुसरं कारण मला याहून महत्त्वाचं वाटतं. टीव्हीवरचं अ‍ॅप स्वतः व्हिडिओ ओढतं तेव्हा ते पुढचा काही काळचा साठा करून ठेवतं. मधेच वायफाय दोन-तीन सेकंद गेलं तरी बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. पडदा आरशासारखा दाखवताना असा साठा जवळपास नसतोच, कारण माऊस हलवला की टीव्हीवर लगेच हललेला दिसायला हवा. म्हणून अर्ध्या सेकंदाची खोट तिथे लगेच उघडी पडते. एकाच घरात, एकाच वायफायवर यूट्यूबचं अ‍ॅप सुरळीत आणि लॅपटॉपचा कास्ट अडखळता, यात विरोधाभास काही नाही.

खात्री करायची असेल तर लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘पिंग’ (इंग्रजीत ping) लिहून पुढे ‘वजा टी’ (-t) आणि राऊटरचा पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) द्या. तो बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. हे कास्ट न करता एक मिनिट चालवा, मग कास्ट सुरू करून पुन्हा बघा. उत्तर १ ते ५ मिलिसेकंदांत येत असेल तर रस्ता मोकळा. कास्ट सुरू होताच आकडे १००, ३०० असे उसळू लागले किंवा मधेच ‘टाइम्ड आउट’ दिसलं, तर दोष हवेतलाच. फोनवरची स्पीड टेस्टही टीव्हीच्या शेजारी उभं राहून घ्या. राऊटरजवळ घेतलेल्या टेस्टवरून टीव्हीकडची अवस्था कळत नाही.

आता उपाय. ज्याला लॅपटॉपची गरजच नाही, त्यातून लॅपटॉप काढून टाका. यूट्यूब आणि बहुतेक ओटीटींच्या संकेतस्थळांवर व्हिडिओच्या चौकटीतच कास्टचं चिन्ह असतं. ते दाबलं की टीव्ही स्वतः इंटरनेटवरून तो व्हिडिओ ओढतो आणि लॅपटॉप फक्त रिमोटचं काम करतो. ब्राउझरच्या मेनूतला ‘कास्ट टॅब’ हा अगदी वेगळा रस्ता आहे, दिसायला चिन्ह तेच असलं तरी. ओळखायची खूण अशी: कास्ट केल्यावर लॅपटॉप मिटून ठेवा. चित्र चालू राहिलं तर टीव्ही स्वतः ओढतोय. गेलं तर लॅपटॉप मधे अडकलेला आहे.

टीव्ही स्मार्ट नसेल किंवा त्यातली अ‍ॅप्स जुनी होऊन चालेनाशी झाली असतील, तर नवीन टीव्ही घेण्याआधी एक स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टात (चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या) बसणारी अ‍ॅप्सची छोटी कांडी, लावून बघा. स्टिकला वीज मात्र तिच्याबरोबर आलेल्या अडॅप्टरनंच द्या. टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून बऱ्याचदा अर्धा अँपियरच मिळतो, स्टिकला एकाच्या आसपास लागतो. मग ती चित्रपटाच्या मधेच पुन्हा सुरू होते आणि लोक दोष इंटरनेटला देतात. डब्यात एचडीएमआयची वीतभर लांबीची जोडवायर येते, ती फेकू नका. स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटून राहिली की पत्र्याआड तिचं वायफाय मंदावतं. जोडवायरनं ती कडेला लोंबती ठेवली तर सिग्नल चांगला मिळतो.

काही गोष्टी मात्र लॅपटॉपवरच असतात: फक्त ब्राउझरमध्ये चालणारं एखादं वाहिनीचं थेट प्रक्षेपण, नात्यातल्या लग्नाची लिंक, व्हिडिओ कॉल, हार्ड डिस्कवरच्या फायली. त्यासाठी एचडीएमआय केबल. मी कुणालाही आधी हेच सांगतो, कारण एका केबलनं वायफायच्या तीनपैकी दोन फेऱ्या जागच्या जागी संपतात. १०८० पीसाठी ५ मीटरपर्यंतची साधी केबल चालते. फोर-के ६० हर्ट्झवर हवं असेल तर १८ जीबीपीएसची केबल घ्या आणि ३ मीटरच्या आत राहा. १० मीटर न्यायची वेळ आली तर आतून काचतंतू असलेली केबल घ्यावी लागते. तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले असं छापलेलं असतं. उलटी लावली तर काहीच दिसत नाही आणि केबल खराब निघाली असं वाटतं.

लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असेल तर कन्व्हर्टर घेण्याआधी पोर्टाशेजारचं चिन्ह बघा. इंग्रजी डी आणि पी जोडलेलं चिन्ह किंवा वीज चमकल्याची खूण असेल तर त्यातून चित्र बाहेर येतं. काहीच नसेल तर मॉडेल नंबर घालून कंपनीच्या पानावर तपासा. सगळ्या टाइप-सी पोर्टांतून चित्र येत नाही. लॅपटॉपला जुना निळा व्हीजीए पोर्टच असेल तर आवाजाची वेगळी वायर आणि यूएसबीची वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. आणि टीव्हीच जुना, पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांचा असेल, तर एचडीएमआयवरून एव्ही करणारी डबी मिळते. तिच्यावरचं बारीक बटण ‘पाल’ (PAL) या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीवर ठेवा, ‘एनटीएससी’ (NTSC) या दुसऱ्या पद्धतीवर राहिलं तर काही टीव्हींवर चित्र काळं-पांढरं येतं किंवा फिरतं. बारीक अक्षरं तिच्यातून वाचता येणार नाहीत, हे आधीच मान्य करून घ्या.

केबल लावल्यावर विंडोज कळ आणि पी दाबा. ‘डुप्लिकेट’ न निवडता ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडा. डुप्लिकेटमध्ये दोन्ही पडद्यांना जमेल असं एकच माप धरलं जातं. लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ असेल तर तुमच्या मोठ्या टीव्हीलाही बऱ्याचदा तेवढंच मिळतं, आणि केबल लावूनही चित्र धूसर का, हे कळत नाही.

आता ज्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही ते. बातम्यांच्या वाहिनीवर खाली सरकणारी मजकुराची पट्टी नीट बघा. ती सलग न सरकता बारीक बारीक दचकत जाते का? सामन्यात कॅमेरा मैदानाच्या एका टोकाकडून दुसरीकडे फिरला की खेळाडूंच्या कडा दुहेरी दिसतात का? असं असेल तर इंटरनेट आणि केबल दोन्ही निर्दोष आहेत. आपल्याकडच्या वाहिन्यांचं चित्र सेकंदाला २५ किंवा ५० चौकटींचं (फ्रेम्सचं) असतं आणि लॅपटॉप टीव्हीला ६० देतो. ५० चौकटी ६० घरांत बसवायच्या तर दर पाचवी चौकट दोनदा दाखवावी लागते, म्हणजे सेकंदाला दहा दचके. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडा, वरच्या यादीत टीव्ही निवडा आणि रिफ्रेश रेट ५० हर्ट्झ करा. पट्टी लगेच गुळगुळीत सरकू लागेल. डुप्लिकेट मोडमध्ये हा पर्याय नेहमी मिळत नाही, म्हणूनही ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’. चित्रपट बहुधा २४ चौकटींचे असतात. त्यांच्यासाठी यादीत २४ हर्ट्झ असेल तर तो लावा, पण मग माऊस जड वाटेल, सिनेमा संपला की परत बदला.

चित्राच्या कडा कापल्या जात असतील, टास्कबार अर्धाच दिसत असेल, तर लॅपटॉपमध्ये काही खटपट करू नका. टीव्हीच्या चित्र-मापाच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा तत्सम नावाचा पर्याय असतो, तो चालू करा. त्या एचडीएमआय इनपुटचं नाव ‘पीसी’ ठेवलं तर बऱ्याच टीव्हींत हे आपोआप होतं, अक्षरंही ठसठशीत दिसतात आणि आवाज-चित्रातलं अंतर कमी होतं. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हातून आउटपुट म्हणून टीव्हीचं नाव निवडा. लॅपटॉप मिटून ठेवायचा असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर ‘डू नथिंग’ करा, पण त्याची हवा जायची जाळी मोकळी राहील असा ठेवा. बिनतारी माऊसचा खडा (छोटा रिसीव्हर) निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये लावू नका. त्या पोर्टातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गडबड होते आणि माऊस तुटक चालतो. काळ्या यूएसबी २ मध्ये लावा.

ओटीटीचा आवाज येतो पण चित्र काळं, अशी तक्रार पुढे येईलच. हा कॉपी-संरक्षणाचा अडथळा आहे. लॅपटॉप, मधली प्रत्येक डबी आणि टीव्ही या सगळ्यांनी एकमेकांना ओळख पटवावी लागते. मधला स्प्लिटर किंवा स्वस्त कन्व्हर्टर काढून थेट केबल लावली की बहुतेक वेळा सुटतं.

लॅपटॉप जुना असेल तर एक मर्यादा लक्षात ठेवा. यूट्यूबवरचं फोर-के व्हीपी९ किंवा एव्ही१ या व्हिडिओ दाबून पाठवायच्या पद्धतीनं येतं. इंटेलच्या सातव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरांना व्हीपी९ उलगडायला चिपमध्ये पूर्ण सोय नाही, सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. पंखा घोंगावायला लागला आणि टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ९० टक्क्यांवर गेला, तर दर्जा १०८० पीवर आणा. ४३ इंची टीव्ही तीन मीटरवरून बघताना फरक जाणवणारही नाही.

आता तुमच्या घराचं. चिऱ्याची भिंत जाड असते, आणि चिरा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो. ओल्या भिंतीत वायफाय जास्त विरतं, त्यातही ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक. मे महिन्यात चालणारी जोडणी जुलैत रडायला लागते ती यामुळे. तुमच्याकडे राजांगण आहे ही मोठी सोय समजा. राऊटर भिंतीतल्या कोनाड्यात किंवा कपाटावर न ठेवता राजांगणाकडच्या खिडकीत ठेवा आणि समोरच्या खोलीचीही राजांगणाकडची खिडकी उघडी राहू द्या. लाटा मोकळ्या जागेतून सरळ जातील, दोन भिंती वाचतील. हा बिनखर्चाचा प्रयोग आधी करा. पागोळ्यांचं पाणी उडणार नाही एवढं मात्र बघा. वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ठेवावं लागलंच तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा.

तरीही भागलं नाही तर नेटवर्क केबल ओढा. जुन्या घरात मला हाच कायमचा उपाय वाटतो. कॅट ६ घ्या, आणि दुकानात शुद्ध तांब्याची म्हणून ठणकावून मागा. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त असते, पण वाकवली की तुटते आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत टोकांना लवकर खराब होते. ओळखायला सोपं आहे: एक तार सोलून चाकूनं खरवडा, आत पांढरी चकाकी दिसली तर परत करा. टोकं दाबताना रंगांचा क्रम दोन्हीकडे एकच ठेवा: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. कौलांखालून नेणार असाल तर पीव्हीसी पाइपातूनच न्या, वाशांवर उघडी केबल उंदीर ठेवत नाहीत. विजेच्या वायरीला समांतर बांधू नका, हातभर लांब ठेवा, ओलांडायची असेल तर काटकोनात. अंगणातून उघड्यावर शेजारच्या इमारतीकडे तर तांब्याची केबल अजिबात नको, गडगडाटात ती वीज खेचून आणते. बऱ्याच टीव्हींचा नेटवर्क पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, त्यानं घाबरू नका, फोर-केला तो पुरून उरतो.

केबलच्या पलीकडच्या टोकाला जुना राऊटर लावून तिकडे नवं वायफाय करता येतं. इथेच तुमच्या तिसऱ्या तक्रारीचं, टीव्ही यादीत न सापडण्याचं, उत्तर असावं. घरात आधीच दोन राऊटर असतील आणि दोन्ही आपापले पत्ते वाटत असतील, तर लॅपटॉपला १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता मिळतो आणि टीव्हीला १९२.१६८.० वाला. एकाच घरात असून ते एकमेकांना दिसत नाहीत. दोघांच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये पत्ते ताडून बघा. वेगळे निघाले तर दुसऱ्या राऊटरवर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोड लावा. तो नसेल तर त्याला पहिल्याशी न भांडणारा पत्ता द्या, डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि केबल वॅन (बाहेरचं इंटरनेट येण्याच्या) पोर्टऐवजी लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टमध्ये लावा. टीव्ही ‘गेस्ट’ वायफायवर असला तरी हेच होतं. आणि विंडोजमध्ये ते वायफाय ‘पब्लिक’ नोंदलेलं असेल तर ‘प्रायव्हेट’ करा.

शेवटी विजेचं, कारण यात माणसाला धक्का बसू शकतो आणि पोर्टही जळतात. लॅपटॉपचा चार्जर लावलेला असताना धातूच्या कडेवर बोट फिरवलं की झिणझिण्या येतात का? दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं, त्यामुळे लॅपटॉप जमिनीपासून तरंगत्या व्होल्टेजवर असतो. टीव्हीला मात्र केबलवाल्याच्या किंवा डिशच्या वायरीतून कुठून तरी अर्थिंग मिळालेलं असतं. दोन्ही चालू असताना एचडीएमआय खुपसली की तो फरक त्या बारीक पिनांतून वाहतो आणि पोर्ट जातो. म्हणून जोडताना दोन्हींचे प्लग भिंतीतून काढा, आधी एचडीएमआय लावा, मग वीज. जुन्या घरात तिसऱ्या पिनेत अर्थिंग खरंच आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून एकदा मोजून घ्या. ते नसेल तर सर्ज प्रोटेक्टर लावूनही फारसा उपयोग होत नाही.

फायबरची काच वीज वाहत नाही, पण खांबावरून येणाऱ्या फायबर केबलला आधार म्हणून बऱ्याचदा पोलादी तार असते. ती घराबाहेरच कापून थांबवली आहे ना, हे बघा. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात आभाळ वाजायला लागलं की टीव्ही, स्टिक आणि राऊटर यांचे प्लग काढून ठेवा. एचडीएमआयच्या टोकांवर हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. चवथीत वीज गेल्यावर राऊटर चालू राहावा म्हणून छोटा यूपीएस घेणार असाल, तर आधी राऊटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर वाचून घ्या. बरेचसे १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे, आणि पिन दोन्हींना बसते.